आजीचा नवस, नातवाची माळ

पत्र

नमस्कार. आम्ही कराडकडचे. कुलदैवत पालीचा खंडोबा. माझा मुलगा चार वर्षांचा असताना मेंदूज्वरानं दवाखान्यात होता. त्या रात्री सासूबाईंनी देवाला बोकड बोललं आणि भंडाऱ्याच्या फडक्यात सव्वा रुपया बांधून देव्हाऱ्यात ठेवला. पोरगं बरं झालं. मग घराचं बांधकाम, मग सासऱ्यांचं आजारपण, असं करत नवस राहून गेला. आता सासूबाईंचं वय ७६. डोळे मिटायच्या आत देवाचं देणं फेडायचं म्हणून गेल्या वर्षी त्यांनी करडू आणून दावणीला बांधलं. पौषात जागरण घालायचं ठरलंय.

मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे, पुण्यात शिकतो. गेल्या आषाढीला त्यानं माळ घातली. दिवाळीला घरी आला तेव्हा म्हणाला, ‘माझ्या नावानं जीव घ्यायचा नाही. हिंदू धर्मात मांस खाणं पापच आहे, तुम्ही सगळे धर्म बुडवताय.’ बोलण्याच्या भरात आजीला ‘खाटीक’ म्हणाला. त्या दिवसापासून सासूबाई त्याच्याशी बोलत नाहीत. मला म्हणतात, ‘नवस मोडला आणि उद्या त्याला काही झालं तर?’ धाकटी सहावीत आहे. ती रोज बोकडाला सुबाभळीचा पाला घालते आणि विचारते, याला कधी नेणार? हे म्हणतात, काय ते तुम्ही आपसांत मिटवा.

धर्मात नक्की काय सांगितलंय? बोललेला नवस बदलता येतो का? आणि मी इतकी वर्षं मटण शिजवून घातलं, त्याचं पाप मला लागलं का?

– एक आई, जि. सातारा

उत्तर

ताई, मी मांस खात नाही, आणि तुमच्या दावणीचं ते बोकड जगावं असं मला मनापासून वाटतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. बोकडाच्या बाबतीत मी तुमच्या मुलाच्या बाजूची आहे. त्यानं दिलेलं कारण मात्र खरं नाही, आणि ज्या तोंडानं त्यानं ते आजीला सांगितलं ते त्याच्या गळ्यातल्या माळेला शोभणारं नाही.

हिंदू धर्मात मांस खाणं पापच आहे, असं एका वाक्यात म्हणता येत नाही. काश्मिरी पंडितांच्या घरी मटण शिजतं, बंगाली आणि मैथिल ब्राह्मणांच्या पानात मासळी असते, आपल्याकडे गोव्या-कोकणातले सारस्वत मासे खातात आणि तितक्याच निष्ठेनं आपल्या कुलदेवतेला जातात. प्यू या संस्थेनं २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत ४४ टक्के हिंदूंनी स्वतःला शाकाहारी म्हटलं होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त नव्हते. या सगळ्यांनी धर्म बुडवला असं म्हणायचं, तर धर्म पाळणारे फार थोडे उरतील.

आता ग्रंथांचं. तिथं दोन्ही आहे, आणि ते एकमेकांना खेटून आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अश्वमेधाचं सूक्त आहे. त्यात मारल्या जाणाऱ्या घोड्याला ऋषी सांगतो की तू मरत नाहीस, तुला इजा होत नाही, सोप्या वाटांनी तू देवांकडे चालला आहेस. हे वाचलं की मला आपल्या गावाकडची एक रीत आठवते. बोकडाला हळद-कुंकू लावतात, गळ्यात हार घालतात, अंगावर पाणी शिंपडतात आणि सगळे गप्प उभे राहतात. बोकडानं अंग झाडलं की कुणीतरी म्हणतं, देवानं घेतलं. मगच सुरी चालते. नाही झाडलं तर पुन्हा पाणी. गार पाणी पडल्यावर कुठलंही जनावर अंग झाडणारच, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी सगळे थांबतात, कारण मारायच्या आधी त्या जिवाचा होकार मिळावा असं मारणाऱ्यालाही आतून वाटत असतं. घोड्याला ‘तू मरत नाहीस’ सांगणाऱ्या ऋषीच्या आणि पाणी शिंपडणाऱ्या तुमच्या भाऊबंदांच्या मनात एकच टोचणी आहे. आपल्या परंपरेतली अहिंसा बाहेरून कुणी आणून चिकटवलेली नाही. ती या टोचणीतूनच वाढली. जैन आणि बौद्धांनी यज्ञातल्या हिंसेवर बोट ठेवलं तेव्हा ते इतकं झोंबलं, कारण आत कुठंतरी ते आधीच दुखत होतं.

मनुस्मृतीतल्या कितीतरी गोष्टी मला मान्य नाहीत, आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती का जाळली गेली हेही मी जाणते. पण तुमच्या मुलासारखे लोक तिचाच दाखला देतात, म्हणून सांगते. तिच्या पाचव्या अध्यायात यज्ञासाठी पशू निर्माण केले आहेत, यज्ञातला वध हा वध नव्हे, असं एक वचन आहे. त्याच अध्यायात थोडं पुढं म्हटलंय की प्राण्यांची हिंसा केल्याशिवाय मांस मिळत नाही आणि प्राण्याचा वध स्वर्गाला नेत नाही, तेव्हा मांस सोडावं. आणखी पुढं: मांस खाण्यात दोष नाही, माणसाची ती प्रवृत्तीच आहे, पण त्यातून निवृत्त होण्याचं फळ मोठं. हे तिन्ही एकाच अध्यायात. ज्याला जे हवं ते उचलता येतं. छांदोग्य उपनिषदाच्या अगदी शेवटी सर्व भूतांची अहिंसा सांगितली आहे, पण ‘तीर्थां’च्या ठिकाणी, म्हणजे यज्ञकर्मात, सवलत ठेवली आहे.

आणि रीती बदलल्या. एके काळी श्राद्धात मांस वाढत, पाहुण्याच्या मधुपर्कात, म्हणजे स्वागताला द्यायच्या खाण्यात, मांस असे. पुढं कलियुगात काय काय करू नये याची यादी धर्मशास्त्रकारांनीच केली. ‘कलिवर्ज्य’ म्हणतात तिला. श्राद्धातलं मांस त्या यादीत आहे. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीनं आठव्या शतकात लिहिलेल्या ‘उत्तररामचरिता’त दोन शिष्य गप्पा मारताना दिसतात: वसिष्ठ आले तेव्हा मांसाचा मधुपर्क झाला, जनक आले तेव्हा दही-मधाचा, कारण जनकांनी मांस सोडलं होतं. एकाच आश्रमात, दोन पाहुण्यांना दोन तऱ्हेचं आतिथ्य, आणि कुणी कुणाला अधर्मी म्हटलेलं नाही. सासूबाईंचा देव असा मधेच कसा बदलेल, असं तुम्हाला वाटत असेल तर हे ध्यानात असू द्या. आपले देव आणि आपले पितर यांचं ताट पूर्वीही बदललेलं आहे.

आता एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती तुमच्या मुलासाठी आहे. महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण झाडाखाली वेद म्हणत बसलेला असतो. वरून एक बगळी त्याच्या अंगावर घाण करते. तो रागानं वर बघतो आणि ती मरून खाली पडते. कौशिकाला वाईट वाटतं, पण राग जात नाही. भिक्षेला गेल्यावर एक गृहिणी नवऱ्याला वाढण्यात गुंतल्यामुळे त्याला थांबवते, तसा तो तिच्यावरही डोळे वटारतो. ती शांतपणे म्हणते, महाराज, मी काही बगळी नाही. धर्म शिकायचा असेल तर मिथिलेला जा, तिथं एक व्याध आहे.

कौशिक मिथिलेला पोचतो तर हा धर्म शिकवणारा माणूस खाटिकखान्यात बसून मांस विकतोय, भोवती गिऱ्हाइकांची गर्दी. तो सांगतो, मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. मांस मी खात नाही. हा माझ्या कुळाचा धंदा. मग तो जे बोलतो ते प्रत्येक शाकाहारी माणसानं ऐकण्यासारखं आहे. शेती चांगली म्हणतात, पण नांगराच्या फाळानं जमिनीतले किती जीव मरतात? धान्याच्या दाण्यांतही जीव आहे म्हणतात. चालताना पायाखाली किती चिरडतात? या जगात हिंसा न करणारा कोण आहे? अहिंसेला वाहून घेतलेले यतीसुद्धा हिंसा करतातच. प्रयत्नानं ती कमी होते, एवढंच.

प्रयत्नानं ती कमी होते. माझ्या मते हिंदू विचारातली अहिंसा जर कुठं सगळ्यात प्रामाणिकपणे सांगितली असेल तर ती इथं, एका मांस विकणाऱ्याच्या तोंडून. पूर्ण अहिंसक कुणीच नाही. म्हणून दुसऱ्याला पापी म्हणायचा हक्कही कुणाला नाही, आणि म्हणून काहीच करायचं नाही असंही नाही. आपल्या हातानं होणारी हिंसा थोडी थोडी घटवत न्यायची, आपापल्या जागेवरून. यानंतर व्याध कौशिकाला घरी नेतो, आपल्या म्हाताऱ्या आईबापांना दाखवतो आणि सांगतो, हेच माझे देव. तू मात्र तुझ्या आईबापांना न विचारता वेद शिकायला निघून आलास, ते तुझ्या वाटेकडे डोळे लावून रडताहेत. परत जा.

ताई, ही गोष्ट मुलाला फोनवर सांगू नका. पुढच्या वेळी तो घरी येईल तेव्हा जेवणं झाल्यावर सांगा, आणि सांगून झाल्यावर विषय तिथंच सोडा. हुशार पोरगा आहे, बगळी कोण ते त्याचं त्याला कळेल.

तो माळकरी आहे, म्हणजे ज्ञानेश्वरी त्याच्या हातात असणार. तेराव्या अध्यायात अहिंसेवर माउली किती ओव्या खर्च करतात, ते त्याला वाचायला सांगा. हिंसेनं पुण्य मिळवू पाहणाऱ्या यज्ञांना त्यांनी सोडलेलं नाही: झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्याच्याच बुंध्याला कुंपण करायचं, तसली ही अहिंसा, असं ते म्हणतात. एवढी ओवी मुलाला फार आवडेल. पण माउली तिथं थांबत नाहीत. खरा अहिंसक कसा चालतो ते सांगतात. मातीच्या कणाकणात सानुले जीव गुंतलेले आहेत हे जाणून तो ‘कारुण्यामाजीं पाउलें लपवूनि चाले’. आणि तो बोलतो कसा?

पुढां स्नेह पाझरे । मागां चालती अक्षरें ।
शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥

आधी माया, मग शब्द. ज्ञानेश्वरांच्या हिशेबात अहिंसा पायांतून, डोळ्यांतून, हातांतून, बोलण्यातून दिसते. ताटाचा उल्लेख त्या मानानं फारसा नाही. ज्या दिवशी मुलानं आजीला ‘खाटीक’ म्हटलं त्या दिवशी त्याची माळ या कसोटीला उतरली नाही. आणि तो शब्द शिवीसारखा वापरला, हेही बरं नव्हे. खाटीक समाज कष्ट करून पोट भरतो. मांस खाणारे खातात, विकत घेणारे घेतात, आणि नाव मात्र सुरी धरणाऱ्याचं खराब, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. शाकाहार आणि वरचढपणा यांची गाठ या देशात फार घट्ट बसली आहे. काय खाता यावरून माणसाला पंगतीत कुठं बसवायचं, भाड्यानं घर द्यायचं की नाही, हे ठरतं. मुलाला मांस सोडायचं असेल तर बोकडाच्या दयेपोटी सोडू दे. दुसऱ्यापेक्षा आपण चोख, या भावनेतून सोडलेलं मांस बोकडाच्याही उपयोगाचं नाही. वारकऱ्यांत सगळ्या जातींचे लोक आले ते ‘भेदाभेद भ्रम अमंगळ’ म्हणत. त्याच अभंगात पुढं आहे, ‘कोणाही जिवाचा न घडो मत्सर’. त्यात आजीही आली आणि बोकडही.

एक गोष्ट मुलानं स्वतःही बघावी. हॉस्टेलवर तो दूध पीत असेल, घरचं तूप डब्यातून नेत असेल. म्हशीला रेडकू झालं आणि ते नर निघालं की त्याला किती दूध मिळतं, ते किती दिवस गोठ्यात दिसतं आणि नंतर कुठं जातं, हे त्यानं एखाद्या दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारावं. वाद घालायला नको, नुसतं विचारावं. आपलीही हिंसा कुठं दडलेली असते हे कळलं की जीभ आपोआप मऊ होते.

आता सासूबाई. त्यांच्याकडं मुलानं एकदाही नीट पाहिलेलं नाही असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं. मेंदूज्वरानं फणफणलेलं चार वर्षांचं नातवंड, डॉक्टर काही धड सांगत नाहीत, आणि या बाईच्या हातात करण्यासारखं एकच आहे: फडक्यात भंडारा घ्यायचा, सव्वा रुपया बांधायचा आणि देवाला शब्द द्यायचा. सतरा वर्षं तो शब्द त्यांच्या छातीवर आहे. पोरगं बरं झालं ते औषधपाण्यानं, असं मी मानते, पण ते त्यांना पटवत बसू नका. त्यांना बोकड मारायची हौस नाही. त्यांना उधारी ठेवून मरायचं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तुमच्या घरातली वाट यांच्या मधूनच निघेल.

नवस बदलता येतो का? येतो, पण ज्यानं बोलला त्यानंच बदलला पाहिजे. हे फार महत्त्वाचं आहे, ताई. तुम्ही आणि मुलानं मिळून नवस मोडला, तर उद्या त्याला साधा ताप आला, गाडीवरून पडला, परीक्षेत नापास झाला, तरी घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच येईल, आणि सासूबाई त्या भीतीतच जातील. बदल त्यांच्या तोंडून झाला तर ती भीती राहणार नाही.

त्यांना बदलायला आधार लागेल. मनूनं सांगितलंय की पशू उगाच मारू नये, मोह झालाच तर तुपाचा किंवा पिठाचा पशू करावा. मध्वाचार्यांच्या परंपरेत तर यज्ञात पिठाचाच पशू चालतो. पण हा आधार सासूबाईंच्या कामाचा नाही. त्यांचा आधार खंडोबाच्या घरातच आहे. चंपाषष्ठीला देवाला काय दाखवता? वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, कांद्याची पात. तळी भरता ती खोबऱ्या-भंडाऱ्यानं. देवाचा हा नैवेद्य गोडाचाच आहे, मांसाचा नाही. बोकडाबद्दलची कथा त्यांना ठाऊक असेल: मणी दैत्यानं मरताना देवाच्या देवळात जागा मागून घेतली आणि बोकडाचं मांसही मागून घेतलं. म्हणजे कथेप्रमाणं बोकड हा दैत्याचा वाटा. देवाचं देणं भरीत-रोडग्यानं आणि जागरणानं फिटत असेल, तर दैत्यासाठी कोहळा कापला म्हणून कोण रागावणार? बळीच्या जागी कोहळा कापणं ही आपल्याकडची जुनी, सर्वमान्य रीत आहे. हे सासूबाईंना तुम्ही सांगण्यापेक्षा जागरणाला येणाऱ्या जुन्या वाघ्यानं सांगितलं तर जास्त पोचेल. त्याला आधी भेटा. त्याच्या अनुभवात असे बदललेले नवस नक्की असतील.

तुमच्याच जिल्ह्यात मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ची चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर गडावर पशुहत्येला बंदी आली. काळूबाईची यात्रा बंद पडली नाही. लोक पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन आजही पौषात गड चढतात. सासूबाईंच्या ओळखीतल्या कितीतरी बायका त्यांत असतील. त्यांतली एखादी घरी चहाला बोलवा.

देवाचा कौल लावायचा का, हा विचार तुमच्या मनात येईल. लावायचा असेल तर एकच अट: जो येईल तो मानायची तयारी हवी. गुरवाला आधी भेटून हवा तो कौल मिळवणं मला मान्य नाही. सासूबाई ज्या देवाला सतरा वर्षं घाबरून आणि विश्वासून आहेत, त्याच्या नावानं त्यांना फसवणं ही बोकड कापण्याहून लहान गोष्ट नव्हे. मी तुमच्या जागी असते तर कौल लावला नसता. सासूबाईंचा हात हातात घेऊन सरळ बोलले असते.

आणि बोलायच्या आधी मुलानं माफी मागितली पाहिजे. तिला ‘पण’ जोडायचा नाही. आजीच्या पाया पडावं आणि म्हणावं, ‘आजी, तू माझ्या जिवासाठी शब्द दिलास, तो माझाही आहे. तो फेडायला मी येतो. जागरणाला रात्रभर बसतो, तळी मी उचलतो. बोकडाच्या जिवाची मात्र मला भीक घाल.’ ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानंच असं मागितलं तर बहुतेक आज्या नाही म्हणत नाहीत. हे त्याला लिहून पाठवू नका. आशय सांगा, शब्द त्याचे असू देत.

बोकड वाचलं तर त्याचं काय करायचं, हेही आत्ताच ठरवा. देवाच्या नावानं सोडून दिलेलं बोकड रस्त्यावर हिंडतं, कुणाच्या तरी पिकात शिरून मार खातं आणि एक दिवस गायब होतं. ते कुठं गेलं हे सगळ्यांना कळतं. ते जगवायचं असेल तर तुमच्याच दावणीला जगवा. त्याचा पाला, पाणी, लसी, याचा खर्च मुलानं सुट्टीत कमावून द्यावा, अशी अट घातलीत तर मला आवडेल. दया फुकट नसते हे त्याला कळू दे.

भाऊबंद कुरकुरतील. जागरणाचं जेवण म्हणजे मटण, असं धरूनच ते येतील. गाडगेबाबांच्या घरी पहिल्या मुलीचं बारसं होतं तेव्हा जातीच्या रिवाजाप्रमाणं बकरं आणि दारू हवी होती. त्यांनी गोडाचं जेवण घातलं. नातेवाइकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. पुढं त्याच माणसानं गावोगाव कीर्तनातून मुक्या जिवांना अभय द्या असं सांगितलं आणि लोकांनी ते ऐकलं. तुमच्याकडं पुरणपोळी आणि कटाची आमटी पोटभर वाढा, हात आखडता घेऊ नका. जेवण हलकं झालं तर बोलणी जास्त बसतात.

आणि सासूबाई तरीही ठाम राहिल्या तर? तर नवस त्यांचा आहे आणि त्या फेडतील. मुलानं त्या दिवशी गावात असावं, पण जेवणाच्या वेळी बाजूला राहावं. त्याच्यावर ताटाची जबरदस्ती कुणी करू नये, आणि त्यानंही पंगतीत उभं राहून प्रवचन देऊ नये. वशाट परड्यातल्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजू द्या, माळकऱ्यांच्या घरांत ही सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. बोकडाला आदल्या दिवसापासून उपाशी, तहानलेलं ठेवू नका. सुरीला धार हवी, भोवती आरडाओरडा नको, दुसरी जनावरं समोर नकोत. धाकटीला त्या दिवशी मामाकडं पाठवा, पण खोटं सांगून पाठवू नका. सहावीतल्या मुलीला खरं सांगता येतं. ते बोकड पळून गेलं असं सांगितलंत, तर पुढं तुमच्या कुठल्याच शब्दावर तिचा भरवसा राहणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. पाप लागलं का? मनूनं मांसाच्या बाबतीत घातक कोण कोण याची यादी दिली आहे: संमती देणारा, तुकडे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा. पतंजलींनीही योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार धरलेत, स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. या यादीत शिजवणारी तुम्ही आहात, हे मी लपवणार नाही. पण त्याच यादीत तुमचे यजमानही आहेत, जे ‘आपसांत मिटवा’ म्हणून मोकळे झाले. विकत आणणारे ते, खाणारे ते, आणि वाटण मात्र तुमच्या हातचं. माझ्या मते इतकी वर्षं तुम्ही घरच्यांना प्रेमानं जेवू घातलंत, त्याची भीती बाळगायचं कारण नाही. भीतीनं सोडलेल्या गोष्टी टिकतही नाहीत.

मला पत्रात एक गोष्ट मात्र सापडली नाही. सासूबाईंना काय हवंय ते लिहिलंत, मुलाचं लिहिलंत, धाकटीचं लिहिलंत. तुम्हाला काय वाटतं? ते बोकड तुम्ही वर्षभर पाहताय. सकाळी झाडलोट करताना त्याचं दावं तुम्हीच बदलत असणार. पौषात त्याचं मटण तुमच्यापुढं पातेल्यात यावं असं तुम्हाला वाटतं का? या प्रश्नाचं उत्तर ग्रंथात नाही आणि माझ्याकडंही नाही. ते तुम्ही आधी स्वतःशी ठरवा आणि मग घरात मोठ्यानं सांगा. ‘मी हे शिजवणार नाही’ असंही म्हणू शकता, ‘मला चालेल’ असंही म्हणू शकता. दोन्हीपैकी काहीही म्हणालात तरी यजमानांना मधे बसवा. नवस त्यांच्या आईचा आहे, मुलगा त्यांचा आहे.

कार्तिक संपायच्या आत हे सगळं बोलून घ्या. पौष उजाडल्यावर वाघ्या-मुरळीला सुपारी गेलेली असेल, पाव्हण्यांना निरोप गेलेले असतील, आणि मग कुणालाच मागं फिरता येणार नाही. बोकड कापायचं नाही असं ठरलं तर बोकड कापायला येणाऱ्या गावातल्या मुलाण्यालाही वेळेवर कळवा. अशा कामाला त्याचा मान असतो, वाटा असतो. त्याला बोलावून नारळ आणि शिधा द्या, आणि त्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण घरातल्या मोठ्या माणसानं जाऊन द्यावं.